बोअरच्या पाण्यात दाढीचा फेस टिकत नाही, मान जळजळते. ब्लेड बदलू का?

तुम्ही लातूरला राहता, कार्ट्रिज (एकापेक्षा जास्त ब्लेडांचं तयार डोकं बसवायचा रेझर) सोडून दोन धारांचा साधा रेझर आणि ब्रश घेतलाय, पण फेस लगेच विरतो आणि मान सोलवटते, असं लिहिलंय. ब्लेड राहू द्या. आधी पाणी बदला, मग हात हलका करा.

आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. साबण आधी त्यांच्याशी मिळून चिकट पांढरा साका होतो. त्यातून उरलेल्या साबणाचाच काय तो फेस. म्हणून फेसापुरतं जारचं आरओचं पाणी घ्या, अर्धी वाटी पुरतं. जार नसेल तर पाणी दहा मिनिटं खळखळून उकळा, निवू द्या आणि वरचं निवळ तेवढं घ्या. तळाला बसतो तो पांढरा थर क्षाराचाच. सगळे क्षार असे जात नाहीत, पण फरक पडतो. गिझरचं पाणी नुसतं तापलेलं असतं, त्याने हे काम होत नाही. तोंड धुवायला, रेझर खंगाळायला बोअरचं चालतं. नळ सोडून ठेवू नका, एका मगात सगळी दाढी उरकते. टँकरच्या दिवसांत हा फायदा लहान नाही.

दाढी अंघोळीनंतरच करा. दोन-तीन मिनिटं ओले राहिले की खुंट मऊ पडतात. ब्रश भिजवून झटका, वाटीत हरभऱ्याएवढं क्रीम घ्या आणि घोटायला लागा. पाणी थेंबाथेंबाने, मिनिट-दीड मिनिट. बुडबुडे दिसत असतील तर पाणी जास्त झालं, फेस कोरडा होऊन ब्रशला चिकटत असेल तर कमी. घट्ट सायीच्या दह्यासारखा, चकचकीत आणि बोटांत बुळबुळीत लागला की जमला. मग गोल फिरवत चेहऱ्यावर चोळा, म्हणजे केस उभे राहतात. सकाळच्या घाईतही हे घोटणं टाळू नका, या दाढीतली खरी मजा तिथेच आहे.

आता मान. कार्ट्रिजला दाबायची सवय असते, ती इथे नडते. रेझरचं झाकण गालाला टेकवा, दांडा आडवा धरा आणि ब्लेड केस कापायला लागेपर्यंत हळूहळू खाली आणा; साधारण ३० अंशांवर कोन जुळतो. पुढे रेझरच्या वजनानेच काम होऊ द्या. दोन-तीन सेंटिमीटरचे छोटे हात, प्रत्येक हातानंतर रेझर खंगाळा.

दोन दिवसांची दाढी वाढली की बोटं फिरवून पाहा: मानेवरचे केस बहुतेकांचे सरळ खाली वाढत नाहीत. कुठे आडवे, कुठे वर, जबड्याखाली कधी भोवरा. पहिला हात केसांच्या दिशेने, पुन्हा फेस लावून दुसरा आडवा. सलूनमध्ये मारतात तसा उलटा हात मानेवर महिनाभर तरी नको. कोरड्या कातडीवर रेझर तर कधीच नाही, एवढासा राहिलेला केस काढायलाही नाही.

शेवटी गार पाणी आणि ओली तुरटी. अर्धं मिनिट ठेवून धुवा. बारीक रक्त थांबतं, आणि जिथे झोंबते तिथे तुम्ही दाबलंय, हे आपोआप कळतं. तुरटीचा खडा प्रत्येकाचा वेगळा हवा. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात स्पिरिटवालं आफ्टरशेव्ह लावू नका, कोरफडीचा गर बरा.

ब्रश घेताना पाहून घ्या, स्वस्तातले बरेच डुकराच्या केसांचे असतात. माळकरी घरात ते चालत नाही. सिंथेटिक घ्या, तो वाळतोही लवकर. ब्रशच्या मुळाशी पांढरा साका धरला तर ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घालून दहा-पंधरा मिनिटं बुडवा आणि धुवा.

ब्लेड चार-पाच दाढ्यांनंतर टाका. ओढायला लागलं तर आधीच. धार टॉवेलने पुसू नका, नुसती झटका. जुनी ब्लेडं झाकणाच्या डब्यात साठवा आणि डबा भरल्यावर टेप लावून घंटागाडीत वेगळा द्या. सुटी टाकली तर सफाई कामगाराचा हात कापतो, नाहीतर उकिरड्यावर चरणाऱ्या गाईच्या तोंडात जातात.