ओटीपी सांगितला नाही, तरी पैसे गेले कसे?

प्रश्न : मागच्या पंधरवड्यात आमच्या गावच्या व्हॉट्सॲप गटावर 'पीएम किसान यादी' नावाची फाइल आली. पाठवणारे गृहस्थ शेजारच्या बांधावरचे, चांगल्या ओळखीचे. मी ती उघडून आधार आणि खाते क्रमांक भरला, पण यादी काही दिसली नाही. तिसऱ्या दिवशी खताच्या दुकानात पैसे देऊ लागलो, तेव्हा खात्यातले 38 हजार रुपये गेलेले कळले. त्याच दुपारी शाखेत जाऊन तोंडी सांगितले. तेथे 'चूक तुमचीच' एवढेच उत्तर मिळाले. ओटीपी मी कोणालाही सांगितलेला नाही.
– केळीबागायतदार, रावेर तालुका

उत्तर : ओटीपी आपण सांगितला नाही हे खरेच आहे, तो आपल्या फोनने सांगितला. आपण उघडलेली फाइल ही यादी नव्हती, ते एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर बसणारे ॲप होते. असे ॲप बसताना फोन आधी विचारतो, की अनोळखी ठिकाणाहून आलेले ॲप बसवू द्यायचे का. आणि नंतर ते ॲप स्वतः एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. यादी पाहण्याच्या घाईत या दोन्ही ठिकाणी आपले बोट 'होय'वर पडले असणार. त्यानंतर बँकेचा प्रत्येक संदेश आपल्याबरोबरच, काही वेळा आपल्या आधीच, त्या भामट्याकडे जात राहतो. खाते आणि आधार क्रमांक आपण भरून दिलेच होते; उरलेला ओटीपी असा आयता मिळाला. पुष्कळदा हे ॲप आपले चिन्हही लपवते, त्यामुळे पडद्यावर काही दिसत नाही. मात्र सेटिंग्जमधील ॲपच्या यादीत ते सापडते.

शेजाऱ्यांवर राग धरू नये. अशी काही ॲप फोनमधील साऱ्या ओळखीच्यांना आणि गटांना आपोआप पाठवली जातात, म्हणजे तेही बहुधा आपल्याआधी फसलेलेच असतील. आखाजीच्या लग्नसराईत हाच प्रकार लग्नपत्रिकेच्या नावाने चालतो. योजनेच्या वर्षाला 6,000 रुपयांसाठी कोणतेही सरकारी कार्यालय व्हॉट्सॲपवर ॲप पाठवत नाही. योजनेसाठीची ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, अधिकृत संकेतस्थळावर, प्ले स्टोअरवरील अधिकृत ॲपमध्ये किंवा सीएससी म्हणजे सामाईक सेवा केंद्रावर होते.

आता पैशांविषयी. सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या 1930 या सरकारी क्रमांकावर अद्याप फोन केला नसेल, तर आजच करावा, आणि तोही दुसऱ्या फोनवरून. त्या तक्रारीवरून रक्कम ज्या ज्या खात्यांत फिरली तेथे ती गोठवण्याचा प्रयत्न होतो, म्हणून खरे तर पहिले काही तासच मोलाचे असतात. पंधरा दिवसांनी आशा कमी असली तरी तक्रारीचा क्रमांक पुढे प्रत्येक ठिकाणी लागतो. आपला फोन विमान मोडवर ठेवावा, बँकेचे आणि यूपीआयचे पिन दुसऱ्या फोनवरून बदलावेत. तो संदेश घाईने पुसू नये, त्याची आणि ॲपच्या नावाची छायाचित्रे आधी काढून ठेवावीत, आणि तक्रार नोंदवून झाल्यावरच फोन 'फॅक्टरी रीसेट' करावा.

शाखेचे 'चूक तुमचीच' हे उत्तर मात्र अपुरे आहे. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर असतो, आणि ग्राहकाने कळवल्यानंतर जे व्यवहार होतील त्यांचे नुकसान बँकेने सोसायचे असते. ॲप आपणच बसवले हा मुद्दा बँक हलगर्जीपणा म्हणून मांडेल, त्यामुळे सर्व रक्कम परत मिळेलच असे आश्वासन मी देणार नाही. पण तोंडी सांगितलेले कागदावर उरत नाही. लेखी अर्ज द्यावा, त्याच्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यावा, आणि 30 दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे.

प्रश्न : माझ्या संगणकावर विंडोज 10 आहे आणि अँटिव्हायरसचे वर्षाचे पैसे भरलेले आहेत. तेवढे पुरे ना?
– निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : पुरे नाही. विंडोज 10 ची नेहमीची मोफत सुरक्षा अद्यतने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली. अँटिव्हायरस हा दारावरचा राखणदार आहे. भिंतीला पडलेले भगदाड बुजवणे त्याचे काम नव्हे. मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर व्हायरसने जगभरातील संगणक कुलूपबंद केले, तेव्हा ते भगदाड बुजवणारे अद्यतन मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेले होते. ज्यांनी ते घेतले नाही, असेच बहुतेक त्यात सापडले. आपला संगणक विंडोज 11 पेलत असेल तर ते घ्यावे. पेलत नसेल तर त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत, आणि निवृत्तिवेतनाची कागदपत्रे व घरची छायाचित्रे बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. कायम जोडून ठेवलेली डिस्क व्हायरसच्या तावडीत संगणकाबरोबरच सापडते.

प्रश्न : आई गावातील केंद्रावर अंगठा लावून पैसे काढते. तिच्या ठशाचा गैरवापर होऊ शकतो का?
– वाचक, नंदुरबार

उत्तर : होऊ शकतो, कारण या व्यवहाराला ओटीपी लागत नाही; आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि ठसा एवढ्यावर काम होते. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून बायोमेट्रिक, म्हणजे ठशावरून होणारी ओळख, 'लॉक' करता येते, मात्र त्यासाठी मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला हवा. लॉक केल्यावर पैसे काढण्याच्या दिवशी ते तात्पुरते उघडावे लागेल, आणि ते काम आईऐवजी आपल्यालाच लक्षात ठेवून करावे लागेल. केंद्रावर 'ठसा उमटला नाही, पुन्हा लावा' असे सांगितले, तर आधीचा व्यवहार खरोखर फसल्याची पावती पाहिल्याशिवाय आईने दुसऱ्यांदा अंगठा ठेवू नये.