एक्स-रेत दात लांब दिसतो तेव्हा

प्रश्न: माझ्या वरच्या, सुळ्याच्या लगेच मागच्या दाढेचं रूट कॅनल चालू आहे. एकाच वेळी डॉक्टरांनी तीनदा एक्स-रे काढला, मधेच असिस्टंटला म्हणाले, "लांबलाय, अँगल चुकला." मशीन बिघडलेलं की बिल वाढवायचं होतं? आणि एवढं रेडिएशन चालतं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: मशीन बहुतेक ठणठणीत असणार हो. एक्स-रे म्हणजे शेवटी सावलीच, किरण उभा पडला की दात बुटका दिसतो, आडवा पडला की लांबलचक. सेन्सर, म्हणजे फोटोसाठी तोंडात ठेवतात ती छोटी पट्टी, दाताला समांतर बसला तर भानगडच नाही, पण टाळूला कमान असते, सेन्सर कडक, त्यात पेशंटला उमासे, मग तो तिरका बसतो. अशा वेळी दात आणि सेन्सर यांच्यातला कोन मनातल्या मनात निम्मा करायचा आणि त्या मधल्या रेषेवर काटकोनात किरण सोडायचा. हे सगळं अंदाजाने, त्यामुळे चुकतं कधीकधी.

थोडंसं चुकलं तर गणिताने भागतं. मुळातली नळी साफ करायला आत घातलेल्या फाईलची, म्हणजे सुईसारख्या बारीक कानशीची, खरी लांबी तिच्यावरच्या रबर स्टॉपरमुळे (खुणेच्या छोट्या रबरी चकतीमुळे) माहीत असते. समजा फाईल २० मिमी आत आहे पण फोटोत २२ दिसतेय, आणि दात दिसतोय २४.२, तर २४.२ गुणिले २० भागिले २२, म्हणजे दात खरा २२ मिमी. त्यातून अर्धा ते एक मिमी वजा करून तिथेच सफाई थांबवतात, कारण मुळाचं तोंड बरेचदा टोकाच्या जरा अलीकडेच, बाजूला उघडतं. मूळ वाकडं असेल किंवा फोटो फारच ताणला गेला असेल तर मात्र हे गणित फसतं, तिथे फोटो पुन्हा काढणारा डॉक्टर मला जास्त बरा वाटतो.

शिवाय तुमच्या त्या दाढेत बहुधा दोन कॅनल (मुळातल्या नळ्या) असतात, गालाकडचा आणि टाळूकडचा, समोरून फोटोत एकावर एक येतात. म्हणून मुद्दाम एक्स-रे मशीनची ट्यूब (किरण सोडणारा भाग) बाजूला सरकवून एक फोटो घेतात, ट्यूब जिकडे सरकली तिकडेच जो सरकलेला दिसतो तो टाळूकडचा.

रेडिएशनचं म्हणाल तर असा एक छोटा डिजिटल फोटो म्हणजे साधारण निसर्गातून दिवसभरात मिळतं तेवढंच. तरी पुढच्या वेळी अपेक्स लोकेटर (कॅनलची लांबी मोजणारं छोटं इलेक्ट्रॉनिक यंत्र) वापरता का ते बिनधास्त विचारा, लांबी त्यावर मोजली की एखादा फोटो वाचतो. आणि बिलाचं म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी हे फोटो रूट कॅनलच्या पॅकेजमध्येच धरतात, वेगळे लावले असतील तर तेही विचारा.