कर्नाटक संगीतातील राग हिंदुस्थानी गायकीत आला, की नेमके काय बदलते?

स्वर सहसा तेच राहतात. ते लावण्याची रीत बदलते. याचे सर्वांत सोपे उदाहरण म्हणजे हंसध्वनी. मध्यम आणि धैवत (म आणि ध) हे स्वर वर्ज्य असलेला हा राग रामस्वामी दीक्षितर यांची निर्मिती मानला जातो आणि त्यांचे पुत्र मुत्तुस्वामी यांच्या ‘वातापि गणपतिं’ या कृतीमुळे (कर्नाटक संगीतातील बांधीव रचनेमुळे) तो दक्षिणेत सर्वतोमुखी झाला. मुंबईच्या भेंडीबाजार घराण्यातील अमान अली खाँ यांनी त्याच रागात ‘लागी लगन’ ही बंदिश बांधली.

दोन्ही लागोपाठ ऐकाव्यात. कृतीची पहिलीच ओळ संगतींच्या, म्हणजे त्याच ओळीच्या वेगवेगळ्या सुरावटींच्या, रूपाने पुन्हा पुन्हा येते, दर वेळी थोडी अधिक नटून, आणि गमकामुळे, म्हणजे स्वर झुलवण्याच्या रीतीमुळे, ते हलते राहतात. बंदिशीत मात्र मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आणून सोडण्यापुरता येतो, आणि मधल्या जागेत गायक स्थिर स्वर, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणे), सरगम (स्वरांची नावे घेत गाणे) व ताना यांनी राग स्वतःच उभा करतो. (सरगमेची ही आवडही बरीचशी दक्षिणेकडूनच आली, मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्यातही ती ऐकू येते.) गिटार आणि ड्रम जोडून होणाऱ्या ‘फ्यूजन’पेक्षा ही देवाणघेवाण मला अधिक खोलवरची वाटते, कारण इथे परका राग घराण्याच्या शिस्तीत पूर्ण मुरला आहे.