साठचा काटा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा पारावर पिकअप लावून तू मोबाईलवरची जास्त वेगाची चलानं माझ्यापुढे धरलीस अन् म्हणालास, "काका, मी काही लय जोरात नोहतो." तेवढ्यात चहा आला, चार माणसं जमली, आणि मी गप्प बसलो. चारचौघांत सांगितलं असतं तर ते तुला टोचलं असतं, आणि टोचलेलं माणूस ऐकत नाही. म्हणून हे पत्र.

तीन चलानं आहेत. त्यातलं एक तर तुला आठ महिन्यांनी कळलं, कारण मेसेज जुन्या मालकाच्या मोबाईलवर जात होते. त्यानं ते वाचून सोडून दिले असतील. गाडी घेऊन वर्ष होत आलं आणि आरसीवर अजून त्याचंच नाव! कायद्याप्रमाणे विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. फॉर्म २९ आणि ३०, बस. "होईन ना काका" म्हणत आपल्याकडे हे काम पोळ्यावरून दिवाळीवर आणि दिवाळीवरून होळीवर जातं. उद्या कुणाला धक्का लागला तर पोलीस आधी त्याच्या दारात जातील आणि मग तो तुझ्या दारात येईल, तोही भांडायलाच. विमासुद्धा नावावर करून घे आणि आपला मोबाईल नंबर गाडीला जोड. चलानं बाकी असली की आरटीओतली कामं अडतात, त्यामुळे आधी त्यांचा निकाल लावावा लागेल.

निकाल लावायचा म्हणजे डोळे मिटून पैसे भरायचे असं नाही. आधी वाच. राज्याच्या ई-चलानाच्या साईटवर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की सगळी यादी दिसते. प्रत्येक चलान उघड आणि फोटो मोठा करून पाहा. नंबर तुझाच आहे का? गाडी पिकअपच आहे की दुसऱ्या कुणाची कार? त्या तारखेला, त्या वेळी तू खरंच तिथं होतास का? अडत्याकडची माल विकल्याची पट्टी जपून ठेवत असशील तर तिच्यावरची तारीख इथं कामी येते. फोटोतली गाडी तुझी नसेल तर महाट्रॅफिक अॅपवर तक्रार नोंदवता येते, ती नोंदव. भरलेलं चलान म्हणजे कबूल केलेलं चलान, म्हणून तक्रार करायची तर भरण्याआधी.

केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे कॅमेऱ्यानं पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत निघायला हवी, यंत्राला दरवर्षी प्रमाणपत्र लागतं, आणि कॅमेऱ्याची नजर असलेल्या रस्त्यावर तसा फलक लागतो. त्यांच्याकडून यात खरोखर चूक झाली असेल तर हा मुद्दा जरूर मांड. पण तिसऱ्या चलानासारखी ८७ नं गाडी पळवायची आणि मग फलक शोधत फिरायचं, ते मला पटत नाही. लोकअदालतीतही अशी चलानं निकाली निघतात, कधी रक्कम कमीही होते. पण म्हणून तिच्या आशेवर चलानं साठवत बसू नको.

आणि एक. "तुमचं चलान आहे, ही फाईल उघडा" असा मेसेज व्हॉट्सअॅपवर आला तर ती फाईल अजिबात उघडू नको. नावाच्या शेवटी एपीके असलेली फाईल उघडली की मोबाईल दुसऱ्याच्या हातात जातो आणि बँकेतले पैसे त्याच्या मागोमाग. सरकारी साईटच्या पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन असतं, तेवढं बघत जा. रस्त्यात कुणी पावतीशिवाय "तोड" काढायला सांगितली तर तीही देऊ नको. एकदा दिली की तुझी गाडी ओळखीची होते.

आता वेगाचं. तू म्हणालास तसं लय जोरात नव्हतास हे खरं, पण तू हिशोब कारचा करतोस आणि चालवतोस मालगाडी. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला १०० आणि मालवाहू गाडीला ८०. शहरात आणि आपल्या दुपदरी रस्त्यांवर कारला ७० आणि तुला ६०. समृद्धीवर शेजारून कार १२० नं जातात, तिथंही तुझी हद्द ८० च. ही वरची मर्यादा झाली. शाळा, वळण, गाव लागलं की स्थानिक फलक ती आणखी खाली आणतो आणि तोच धरायचा. तुझी दोन चलानं दुपदरीवरची आहेत, ७४ आणि ७६ ची. तुला वाटलं सत्तरच्या थोडं वर गेलो. नाही बापा, साठच्या बरंच वर गेलास.

तिसऱ्या चलानावर ८७ आहे, आणि ते वाचून मला दंडाचं वाईट वाटलं नाही, गाडीचं वाटलं. मालवाहू गाडीला ८० वर बांधलेला स्पीड गव्हर्नर असावा लागतो. तुझी ८७ गेली म्हणजे बहुतेक कुणीतरी तो बंद केलाय. तू नाही केलास, मला माहीत आहे. पण फिटनेसच्या तपासणीला गाडी नेशील तेव्हा उत्तर तुलाच द्यावं लागेल. मेकॅनिककडून तो जोडून घे. हलक्या गाडीला जास्त वेगाचा दंड हजार ते दोन हजार आहे, तो भरून निघतो. पण दुसऱ्यांदा सापडलं की लायसन्स जप्त करायची तरतूद आहे, आणि लायसन्स गेलं तर संत्रा बागेतच पिवळा पडून राहील.

ब्रेक मारून कॅमेऱ्याला चकवू असं मनात असेल तर तेही ऐक. महामार्ग पोलिसांच्या गाडीतलं यंत्र प्रकाशाचे ठोके सोडतं, ते तुझ्या गाडीवर आदळून परत येतात, आणि परत यायला लागलेल्या वेळेतल्या फरकावरून वेग निघतो. पापणी लवायच्या आत सगळं होतं. तुला ती गाडी दिसेपर्यंत तिनं तुला मोजलेलं असतं. नंबर प्लेटला चिखल फासणारे आणि ती वाकवून ठेवणारेही पाहिलेत मी. तो वेगळा गुन्हा होतो. जुन्या गाडीला ती नवी उच्च सुरक्षा प्लेट बसवायची आहे, तीही राहिलीच असेल तुझी.

आता मुद्द्याचं. मी तीस वर्षं बस चालवली, आणि माझा अनुभव असा की जोर रस्त्यावर येत नाही, तो निघण्याआधी आलेला असतो. तुझंच बघ. संत्र्याची तोडणी सकाळी आठला लागायची ती मजूर उशिरा आले म्हणून दहाला लागते. मग क्रेट भरताना व्यापारी भावावर घोळ घालतो, क्रेट बांधायचे पट्टे कमी पडतात, चहा होतो. निघायला पाच वाजायचे तिथं सात वाजतात, आणि ते दोन तास तू रस्त्यावर वसूल करायला बघतोस. ते तिथं नसतातच. ३० किलोमीटरला ६० नं अर्धा तास लागतो आणि ८० नं साडेबावीस मिनिटं. साडेसात मिनिटं वाचली, तीही रस्ता पूर्ण रिकामा असेल तर. मोर्शीतल्या एका गर्दीत ती जातात. त्यापेक्षा आदल्या रात्री क्रेट बांधावर नेऊन ठेव, पट्टे मोजून ठेव, आणि अडत्याला फोन करून खरी वेळ सांग. "निघालो" म्हणून सांगायचं आणि बागेतच उभं राहायचं, ही सवय मोड. त्या खोट्यानंच पुढे पाय दाबला जातो.

एका वर्षी पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, मीही उशीर भरून काढत होतो. चूक माझीच, एका गावात जरा जास्त वेळ बसलो होतो. गाडी वळणावर घेतली आणि समोर शिंगं रंगवलेली बैलजोडी, मागं दिवा नसलेली बंडी. बस थांबली तेव्हा बोनेट आणि बैलाच्या पाठीत हातभर अंतर होतं. बंडीवरचा म्हातारा मला एक शब्द बोलला नाही. खाली उतरला, बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. आमच्या मास्तरानं, म्हणजे कंडक्टरनं, घंटी दिली तरी मला गिअर टाकता येईना. त्या दिवशी त्यानं शिव्या घातल्या असत्या तर मी केव्हाच विसरलो असतो.

तुझं थांबणं माझ्याहून अवघड आहे, कारण मागं माल असतो. ६० ला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते, ८० ला २२. डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद निघून जातो. आणि ब्रेक लागल्यावर ६० ला २० मीटर लागत असतील तर ८० ला ३५ च्या वर लागतात. कोरड्या रस्त्यावर. आपल्याकडे रस्ता कोरडा कुठं असतो? पावसाळ्यात शेतातून निघालेले ट्रॅक्टर काळी माती डांबरावर आणून टाकतात, ती साबणासारखी होते. सोयाबीन निघालं की अर्धा रस्ता वाळवणाला जातो. आता या दिवसांत कापसाच्या गाड्या जिनिंगकडं चालल्यात, मागं लाल दिवा नाही, कापूस दोन्ही बाजूंनी बाहेर. आणि अंधार पडला की रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुक्कर. रोही सहसा एकटा आडवा जात नाही हे लक्षात ठेव. एक गेला की पाय उचल, मागचा बहुतेक अजून झुडपात असतो.

रात्री काटा ६० वर ठेवायलाही डोकं शांत लागतं, आणि ते भुकेल्या पोटी राहत नाही. निघण्याआधी भाकर खाऊन निघ.

सोमवारी आरसी, विम्याचा कागद, आधार आणि जुन्या मालकाला घेऊन माझ्याकडे ये. तो येत नसेल तर त्याच्याशी मी बोलतो, त्याचा बाप माझ्याच बसनं कॉलेजला जायचा. फॉर्म आपण ओट्यावर बसून भरू. येताना टायर घासलेत का तेही दाखव, परवा मागचं डावं मला काही बरं वाटलं नाही.

तुझा,
ड्रायव्हर काका