जुना रेल्वेपूल: वेल्डिंगला हात लावण्याआधी

तुमचा प्रश्न असा: दीडशे वर्षांच्या, रिव्हेटने (दोन्ही टोकांना डोकं ठोकलेल्या जाड खिळ्यांनी) जोडलेल्या पुलाला जागोजागी पट्ट्या वेल्ड केल्या, तर तो आजच्या गाड्या पेलेल का, की पाडलेलाच बरा? पाडायची घाई करू नका, आणि वेल्डिंग तर मुळीच नको.

आधी धातू कोणता ते प्रयोगशाळेतून तपासून घ्या. ब्रिटनमध्ये पुलांसाठी पोलादाला मान्यता मिळाली ती १८७७ मध्ये. त्याआधीचे पूल बहुतेक घडीव लोखंडाचे. या लोखंडाच्या पोटात मळीचे, म्हणजे धातू गाळताना उरलेल्या गाळाचे, बारीक थर असतात. वेल्डिंगची उष्णता आणि ओढ लागली की ते पापुद्र्यांसारखे सुटतात. सैल रिव्हेट काढायचा, भोक साफ करायचं आणि उच्च ताणशक्तीचा बोल्ट आवळायचा, हा खात्रीचा मार्ग.

सैल रिव्हेट ओळखायला हात पुरतो. डोक्याच्या एका कडेला बोट टेकवा, समोरच्या कडेवर हातोडी मारा. रिव्हेट हलला की बोटाला कळतं. डोक्याखालून गंजाचा लालसर ओघळ आला असेल तर तिथे आधी बघा.

सगळ्यांची नजर मोठ्या गर्डरवर असते, दुखणं मात्र बरेचदा रुळांखालच्या छोट्या तुळयांत असतं. अख्खी गाडी गेली की लांब गर्डर ढोबळमानाने एकदा वाकून सरळ होतो. छोटी तुळई मात्र डब्याखालच्या चाकांच्या प्रत्येक संचागणिक वाकते. धातूचा थकवा साधारण ताणाच्या घनाने वाढतो, म्हणजे ताण सव्वापट झाला की झीज जवळपास दुप्पट. या तुळया बदलल्या की मूळ सांगाडा पुष्कळदा वाचतो.

सांगाड्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. वाफेच्या इंजिनाची चाकं फिरताना रुळांवर घणासारखे ठोके देत. विजेच्या इंजिनात ते नाहीत. पण ब्रेक आणि खेच यांचा रुळांच्या दिशेचा जोर वाढलाय, आणि तो बेअरिंगांवर (गर्डर खांबावर ज्या आधारांवर टेकतो त्यांवर) नि खांबांच्या माथ्यावर येतो. तिथे कसूर नको.

नुसत्या कागदी गणितावर पूल नापास करू देऊ नका. ताणमापक चिकटवा, ठाऊक वजनाची गाडी हळू आणि मग वेगात न्या. मोजलेला ताण हिशेबापेक्षा कमी निघतो, असं पुष्कळदा होतं.

कधी सांगाडा खरंच जातो. इंग्रज अभियंता रॉबर्ट स्टीफन्सनच्या वेल्समधल्या १८५० च्या ब्रिटानिया पुलाच्या लोखंडी नळ्या १९७० च्या आगीत झुकल्या. तेव्हाही दगडी मनोरे ठेवून मध्ये पोलादी कमानी बसवल्या, आणि १९७२ मध्ये गाड्या पुन्हा सुरू झाल्या.

तुमच्या पुलाची बेअरिंगं रोलरची आहेत की सरकत्या पाट्यांची? आणि ती अजून सरकतात का? तेवढं कळवा, मग पुढचं सांगतो.