तासाभरात गुण देणारी पूड

प्रश्न : वय ४१, बार्शी तालुक्यात शिक्षक आहे. आठ वर्षांपासून शुगर. यंदा तीन महिन्यांची सरासरी (एचबीएवनसी) ९.४ आली. वर्षभर ताठरता नीट येत नाही, आली तर टिकत नाही. शेवटी समाधान होतं, पण वीर्य बाहेर येत नाही. नंतरची लघवी गढूळ होते. दुसऱ्या मुलासाठी प्रयत्न चालू आहेत. बाजारातल्या एका माणसाकडून काळी पूड आणली, तासाभरात फरक पडतो. ॲलोपॅथीची भीती वाटते. अश्वगंधा, शिलाजित, मेथी यांतलं काय घेऊ? बायकोला अजून काही बोललो नाही.

उत्तर : आधी ती पूड बंद करा. मुळी-पाल्याला घड्याळ कळत नाही, गुरुजी! तासाभरात काम करणाऱ्या अशा 'आयुर्वेदिक' पुड्यांत सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) मिसळलेलं तपासणीत अनेकदा सापडलं आहे. म्हणजे ज्या ॲलोपॅथीला तुम्ही भिता, तीच कदाचित घेताय, तीही किती मात्रेत ते न कळता. वर छातीत दुखलं आणि कुणी जिभेखाली सॉर्बिट्रेट (हृदयाच्या दुखण्यावरची नायट्रेटची गोळी) ठेवली, तर रक्तदाब इतका कोसळतो की जीव जाऊ शकतो. मधुमेह आणि कामशक्ती यांवरच्या औषधांच्या जाहिराती १९५४ च्या कायद्याने बंद आहेत. भिंती मात्र रंगलेल्याच असतात.

आता दुखणं. ताठरता म्हणजे रक्त भरणं. जास्त साखर रक्तवाहिन्यांचं अस्तर आणि नसा, दोन्ही पोखरते. वीर्याचंही तसंच. त्या क्षणी मूत्राशयाचं तोंड घट्ट मिटायला हवं. नस कमजोर झाली की ते उघडं राहतं आणि वीर्य मागे मूत्राशयात जातं. गढूळ लघवी त्याचीच असावी. संबंधानंतरची लघवी तपासली की शुक्राणू दिसतात. मुलाच्या दृष्टीने ही आशेची बाजू, कारण तिथून शुक्राणू वेगळे काढून वापरता येतात.

नैसर्गिक उपाय विचारलात, तर माझ्या मते पहिला चालणं. दम लागेल असं, ४० मिनिटं, आठवड्यातून चार दिवस, निदान सहा महिने. ताठरतेवर याचा उपयोग अभ्यासांत दिसला आहे. दुसरा, खिशातली तंबाखू-चुन्याची डबी टाकून देणं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण माझ्या दवाखान्यात दहातल्या निम्म्यांच्या खिशात निघते, म्हणून विचारतो. पोट सुटलं असेल तर तेही उतरवा. त्याने पुरुषी संप्रेरक खालावतं. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, त्यामुळे साखर आवरल्याचा परिणाम पुढच्या महिन्यात शोधू नका.

मेथीने साखर थोडी उतरते. मधुमेहाच्या गोळ्यांसोबत घेत असाल तर चक्कर, घाम या साखर फार उतरल्याच्या खुणांकडे लक्ष ठेवा. अश्वगंधेचे छोटे अभ्यास आहेत, पण मधुमेहाने बिघडलेल्या नसा तिने सुधारतात असं मी सांगणार नाही. थायरॉइड किंवा यकृताचा त्रास असेल तर ती नकोच. कच्च्या शिलाजितात जड धातू असू शकतात.

कुणी टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे पुरुषी संप्रेरकाचं, इंजेक्शन सुचवलं, तर मूल हवंय हे आधी सांगा. त्याने शुक्राणू तयार होणंच थांबतं.

एक गोष्ट मला जास्त खटकते आहे. शिश्नाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून अडथळा तिथे आधी दिसतो. तेव्हा ईसीजी, रक्तातल्या चरबीची तपासणी आणि रक्तदाब या आठवड्यातच करून घ्या. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ताठरता कमी होते. घेत असाल तर यादी घेऊन जा, मनाने बंद करू नका. हृदय ठीक निघालं आणि नायट्रेटची गोळी चालू नसेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची गोळी त्या पुडीपेक्षा कितीतरी सुरक्षित. टेस्टोस्टेरॉनची तपासणी सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी. डॉक्टर युरॉलॉजिस्ट (मूत्रविकारतज्ज्ञ) असावेत. आणि जाताना बायकोला बरोबर न्या. मुलासाठी तिच्याही तपासण्या लागतीलच, तेव्हा सांगणं लांबवून काही हाती लागणार नाही.