‘कोरडे पाषाण’ कोणाला म्हणावे?

अमेरिकेतील वर्णभेद आणि पोलिसी अत्याचार यांविरुद्ध बोलणाऱ्या श्रीमंत खेळाडूंविषयी एका मराठी लेखात असे वाक्य आले आहे : ‘कोट्यवधी डॉलर कमवायचे आणि विषमतेवर बोलायचे, म्हणजे लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!’ ही म्हण येथे शोभते का आणि तिच्यात ‘कोरडा’ म्हणावे की ‘कोरडे’, असा प्रश्न आहे.

माझ्या मते शोभत नाही. वर्षानुवर्षे पाण्यात पडलेला दगड फोडला, तरी आतून कोरडाच निघतो. तसा जो दुसऱ्याला ज्ञान सांगतो पण स्वतः त्यात भिजत नाही, त्याच्यासाठी ही म्हण आहे. तिचा रोख आचरणावर आहे, मिळकतीवर नाही. उपदेश आणि त्याला छेद देणारी कृती, अशा दोन्ही गोष्टी दाखवता आल्या तरच ती लागू पडते.

लेखाचा रोख ज्याच्यावर आहे त्या कॉलिन कॅपर्निकचेच पाहू. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या या क्वार्टरबॅकने (चढाईची सूत्रे हलवणाऱ्या खेळाडूने) २०१६ साली राष्ट्रगीताच्या वेळी आधी बसून राहून आणि मग एक गुडघा टेकवून निषेध नोंदवला. कृष्णवर्णीयांना पोलीस मारतात आणि त्याचा जाब कोणालाही द्यावा लागत नाही, हे त्याचे म्हणणे होते. संपत्तीचा त्याग करा असे त्याने सांगितले असते, तर त्याच्या बँकखात्याकडे बोट दाखवणे रास्त ठरले असते. त्याने दरमहा एक लाख याप्रमाणे दहा लाख डॉलर सामाजिक संस्थांना देण्याचे जाहीर केले आणि ते दिले. त्या हंगामानंतर त्याला एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या एकाही संघाने घेतले नाही. म्हणीचा खरा चटका त्याला बसतो तो वेगळ्याच जागी : त्याच वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत आपण मतदानच केले नाही, असे त्याने स्वतः सांगितले. व्यवस्था बदलायला निघालेल्या माणसाच्या बाबतीत हे वर्तन टीकेला पात्र आहे आणि तेथे ‘कोरडे पाषाण’ म्हणणाऱ्याशी मी भांडणार नाही.

लेखकाच्या मनातला आक्षेप बहुधा निराळा असावा, तो असा की, ज्याला झळ बसत नाही त्याने त्या झळीबद्दल बोलू नये. त्यासाठी आपल्याकडे ‘जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे’ ही म्हण तयार आहे. पण ती वापरली की वाद उलटतो. म्हणीतला ‘वंश’ म्हणजे मुळात कूळ. वर्णभेदाच्या संदर्भात तो शब्द अगदी शब्दशः खरा होतो, कारण पोलिसाला समोरच्याचा वर्ण दिसतो, खात्यातली शिल्लक दिसत नाही. सप्टेंबर २०१५मध्ये एकेकाळचा जगातील चौथ्या क्रमांकाचा टेनिसपटू जेम्स ब्लेक मॅनहॅटनमधील आपल्या हॉटेलबाहेर अमेरिकन ओपनला जाण्यासाठी गाडीची वाट पाहत उभा होता. साध्या वेशातला एक पोलीस धावत आला, त्याने ब्लेकला जमिनीवर पाडले आणि हातकड्या घातल्या. क्रेडिट कार्डाच्या फसवणुकीतला संशयित समजून भलत्याच माणसाला धरले होते. दोन वर्षांनी बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सच्या लॉस एंजेलिसच्या घराच्या फाटकावर कोणीतरी वर्णद्वेषी शिवी रंगवली, तेव्हा पैसा आणि कीर्ती कितीही असली तरी अमेरिकेत कृष्णवर्णीय असणे कठीणच आहे, अशा आशयाचे तो बोलला.

अर्थात ही म्हणही पुरती खेळाडूंच्या बाजूची नाही. ब्लेकची शहराच्या महापौरांनी आणि पोलीस आयुक्तांनी माफी मागितली. त्याच फुटपाथवर एखादा अनोळखी मजूर असता तर माफी तर सोडाच, बातमीही झाली नसती. म्हणजे वंश एक, पण पुढचे भोग सारखे नाहीत. श्रीमंत कार्यकर्त्यावर टीका करायचीच असेल तर ती या फरकावर करावी.

‘लोका सांगे ब्रह्मज्ञान’ नेमकी बसेल असा प्रसंग लेखकाला लेब्रॉनच्याच चरित्रात सापडला असता. अन्याय कोठेही झाला तरी तो सर्वत्रच्या न्यायाला धोका असतो, हे मार्टिन ल्यूथर किंग यांचे वचन त्याने २०१८ साली ट्विट केले होते. पुढच्याच वर्षी ह्यूस्टन रॉकेट्स या बास्केटबॉल संघाच्या सरव्यवस्थापकाने हाँगकाँगच्या लोकशाहीवादी आंदोलकांना पाठिंबा दिला, त्यावर चीन चिडला आणि तेथील बास्केटबॉलचा धंदा धोक्यात आला. तेव्हा या गृहस्थांनी त्या व्यवस्थापकालाच अपुऱ्या माहितीवर बोलणारा ठरवले. येथे उपदेशही आहे आणि त्याच्याशी फटकून वागणेही आहे.

राहता राहिला ‘कोरडा’ की ‘कोरडे’ हा उपप्रश्न. ‘पाषाण’ पुल्लिंगी आहे, त्यामुळे एकवचनी ‘कोरडा पाषाण’ चुकीचा नाही. ‘आपण’मुळे अनेकवचनी ‘कोरडे’ रूढ झाले आहे. म्हण पूर्ण लिहिताना दोन्ही पाठ चालतात. तिचा तुकडा एकट्या माणसाला लावताना मात्र ‘तो कोरडा पाषाण’ असेच लिहावे.